विटांशिवाय माडीवर न्हाणीघर

जुन्या वाड्यात राहणाऱ्या मैत्रिणींना जिन्याचं कौतुक वेगळं सांगायला नको. आमचा साताऱ्यातला जिना चौदा पायऱ्यांचा. अंधारा, उंच पायऱ्यांचा, आणि वळणावर कठड्याऐवजी दोर बांधलेला. सासूबाई माडीवर राहतात आणि न्हाणीघर खाली, चौकाच्या पलीकडे. पंचाहत्तरी होईपर्यंत त्यांनी हा जिना दिवसातून चारदा चढउतार केला. मग २०२१च्या पावसाळ्यात आंघोळ करून ओल्या पायांनी वर येताना त्या वरून तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं, कंबर वाचली. देवाची कृपा म्हणायची.

प्लास्टर निघेपर्यंत त्यांचं अंग मी खोलीतच ओल्या पंचानं पुसून काढत होते. मग घरात बैठक बसली. दीर म्हणाले, आईला खालच्या कोठीच्या खोलीत आणू. सगळ्यांना पटलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. रात्री मी त्यांची वेणी घालत होते तेव्हा हळूच विचारलं, "कोठीच्या खोलीला खिडकी कुठल्या अंगाला आहे गं?"

कोठीच्या खोलीला खिडकी नाही. त्यांच्या माडीवरच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पंचावन्न वर्षं त्या त्याच खिडकीशी बसून तांदूळ निवडत आल्या आहेत.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्यांना खाली आणण्यापेक्षा न्हाणीघरच वर नेलं तर?"

म्हणणं सोपं! आमच्या माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळया, त्यावर कडीपाट आणि वर माती-चुन्याचा थर. आधी आम्ही जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. तुम्हीही हे काही करायचं मनात आणलंत तर पहिला खर्च हाच करा, तो वाचवू नका. त्यांनी सगळ्या तुळया ठोकून पाहिल्या, भिंतीत घुसलेली टोकं टोचून पाहिली (लाकूड कुजतं ते तिथेच) आणि मग कागदावर हिशेब मांडला. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा धरून चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. आम्हाला कोपऱ्यात पाच फूट बाय चार फुटांची जागा हवी होती. दोन बाजूंना वाड्याच्या जाड भिंती होत्याच, दोन नव्या उभारायच्या होत्या. सात फूट उंची धरून आणि दार वजा करून त्या दोन भिंतींचंच वजन अकराशे किलो भरलं. त्यात तळाचं काँक्रीट आणि फरशी मिळवली की दीड टन. इंजिनिअर म्हणाले, "वहिनी, हत्तीचं पिल्लू बांधा माडीवर, एकच गोष्ट आहे."

मग त्यांनीच दुसरी वाट सांगितली. फोमच्या फळ्या आणि त्यावर इपॉक्सीचा लेप.

फोम म्हटल्यावर मला थर्माकोल आठवला. २०१८ साली बंदी येईपर्यंत गणपतीची मखरं आपण त्याचीच करायचो. त्याचीच ही भावंडं, पण जातकुळी वेगळी. थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले. दाण्यादाण्यांच्या फटीतून पाणी हळूहळू आत शिरतं. ही फळी, जिला बाजारात 'एक्सपीएस' म्हणतात, ती शेवेसारखी यंत्रातून दाबून काढलेली असते. मोडून पाहिली तर दाणे दिसत नाहीत, पावासारखी एकसंध जाळी दिसते, आणि तिचं प्रत्येक छिद्र सर्व बाजूंनी बंद. १९४२ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलानं सहा माणसांचा तराफा याच फोमचा केला होता. त्यावरून पाण्याशी त्याचं कसं जमतं ते समजावं. गच्चीवर उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून हल्ली ह्या फळ्या घालतात, त्यामुळे मोठ्या गावात सहज मिळतात. दोन इंच जाडीच्या, साधारण चार फूट बाय दोन फुटांच्या एका फळीचं वजन सव्वा किलो. मी दोन बोटांत धरून जिना चढले. सासूबाई बघतच राहिल्या. "बाई गं, ह्या पुठ्ठ्याच्या आडोशाला आंघोळ करायची?"

त्यांचं चुकत नव्हतं. नुसती फळी म्हणजे आडोसाच. नखानं खड्डा पडतो, कोपरा लागला की तुकडा उडतो. तिला कणखरपणा येतो तो वरच्या कापडानं आणि इपॉक्सीनं. इपॉक्सी तुमच्या घरात आहेच. फुटलेल्या कपाचा कान चिकटवायला दोन नळ्यांतलं जे आपण समसमान कालवतो, ते हेच. फक्त इथे नळ्यांऐवजी डबे. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. वेगवेगळी असेतो दोन्ही पातळ, एकत्र आली की घट्ट होऊन दगड बनतात.

आता पहिली गफलत सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. आमच्या ओळखीत फायबरच्या मूर्ती आणि देखावे करणारे एक कारागीर आहेत. ते म्हणाले, "ताई, इपॉक्सी महाग पडेल, माझ्याकडचं रेझिन उरलंय, ते वापरा." मी हुरळले. पण आपली सवय असते ना, नवी साडी धुण्याआधी एक टोक भिजवून बघायची! तसं फळीच्या एका तुकड्यावर चमचाभर ओतून पाहिलं. पाच-दहा मिनिटांत तुकड्याला मधोमध भोक! त्यांचं रेझिन पॉलिस्टर जातीचं होतं. त्यात स्टायरीन नावाचं द्रव्य असतं, आणि ते ह्या फोमला साखरेसारखं विरघळवतं. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, रबर सोल्यूशन ही सगळी त्याच पंगतीतली. इपॉक्सी तेवढं फोमला खात नाही. तरी जे काही लावाल त्याचा आधी तुकड्यावर प्रयोग करा. दुकानदार "चालतंय की" म्हणाला म्हणून विश्वास टाकू नका.

काम आम्ही फेब्रुवारीत काढलं. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते आणि तिच्यावर पुढचा हात बसत नाही. कडाक्याच्या थंडीत ते वाळायचं नाव घेत नाही. साताऱ्याच्या फेब्रुवारीत दुपार कोरडी आणि उबदार असते. तुमच्या गावची अशी वेळ तुम्हीच ठरवा.

आधी सुतारानं सागाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला. ह्या वेळी सुताराजवळ उभं राहायचं हं! कारण फोममध्ये स्क्रू टिकत नाही. नळ कुठे येणार, साबणाची जाळी कुठे, टॉवेलचा दांडा कुठे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धरायची कडी कुठे, हे आजच ठरवून तिथे सांगाड्यात जाड लाकडाची फळी बसवून घ्यायची. आम्ही सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "उठताना हात कुठे जातो बघा." त्यांचा हात गेला तिथे खडूनं खूण केली. मी मनाशी धरलेल्या जागेपेक्षा ती चांगली वीतभर खाली होती.

वाड्याच्या जुन्या भिंतींवर फळ्या थेट चिकटवल्या नाहीत. मागे अर्धा इंच पोकळी ठेवली, म्हणजे भिंतीला हवा लागते. आणि भिंत आधीच ओली असेल तर? तर हे काम करूच नका. वरच्या मजल्यावरच्यांची मोरी गळते म्हणून आपल्या भिंतीला पोपडे आलेत, त्यावर फळ्या ठोकल्या की झाकलं, असं ज्या फ्लॅटमधल्या मैत्रिणींना वाटत असेल त्यांना आत्ताच सांगते. ओल झाकून जात नाही, मागे आणखी पसरते. ती आधी जिथून येते तिथे बंद करायला हवी.

फळ्या कापायला करवत लागत नाही. धारदार कटरनं खोल रेघ मारायची आणि गुडघ्यावर चिक्की मोडतो तशी मोडायची. फळीला कारखान्यातून गुळगुळीत कातडी आलेली असते, तिच्यावर काही धरत नाही. म्हणून ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं ती घासून खरखरीत करायची आणि धूळ पूर्ण पुसायची. हे काम माझं आणि लेकीचं. दोन दिवस ओसरीवर पांढरा भुगा उडत होता, आणि तो केसांत इतका बसतो की विचारू नका. डोक्याला फडकं बांधून आणि नाकावर मास्क लावूनच घासा. भुगा चौकातल्या गटारात झाडू नका, गोळा करून पिशवीत भरा.

लेप द्यायला फळ्या उभ्या नको, आडव्या हव्यात, नाहीतर ओघळ येतात. ओसरीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांवर प्लास्टिक घातलं आणि फळ्या मांडल्या. आणि इथे दुसरी गफलत. रेझिन नि हार्डनरचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. आमच्या डब्यावर दोनास एक होतं, तुमच्यावर वेगळं असेल. ते वजनानं आहे की मापानं, हे नीट वाचा. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा त्यासाठी उत्तम, पण तो पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. प्रमाण मी चोख ठेवलं, पण एकदम लिटरभर कालवून प्लास्टिकच्या मगात ठेवलं. पंधरा मिनिटांत मग हाताला चटका देऊ लागला, आणि बघता बघता त्यातून धूर! ही दोन द्रव्यं एकत्र आली की आपोआप तापतात. खोल भांड्यात साचून राहिली तर ती उष्णता बाहेर पडत नाही. मग थेट चौकात नेऊन ठेवला. तेव्हापासून दर खेपेला वाटीभरच कालवायचं आणि लगेच पसरट ताटात ओतायचं, असा नियम केला. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, तोही आवरा. हे दही नाही, जास्त विरजण लावलं की लवकर लागेल! जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि लेप कायमचा चिकट.

हातांचं सांगायचं राहिलं. नायट्रिलचे हातमोजे घातल्याशिवाय ह्या डब्यांची झाकणंसुद्धा उघडू नका. इपॉक्सीची अंगावर पुरळ उठवणारी ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्माची जडते. पुढे थोडा स्पर्श झाला तरी खाज सुटते. आमचा सुतार "आम्हाला काय होतंय" म्हणत उघड्या हातानं भिडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही मनगटांवर लाल चट्टे. अंगावर पडलंच तर कोरड्या फडक्यानं टिपून साबणाच्या पाण्यानं धुवा. थिनरनं मुळीच पुसू नका, त्यानं ते कातडीत आणखी मुरतं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या दिवसांत तिथे फिरकू देऊ नका.

आता मुख्य काम. फळीवर ब्रशनं पातळ हात द्यायचा, त्यावर फायबर ग्लासचं कापड अंथरायचं. आम्ही चौरस मीटरला दोनशे ग्रॅमचं घेतलं. वरून पुन्हा इपॉक्सी ओतून पत्र्याच्या पट्टीनं मधून कडेला सारत जायचं. पांढरंशुभ्र कापड बघता बघता काचेसारखं पारदर्शक होतं. जिथे पांढरट राहिलं तिथे हवा अडकली असं समजावं. पुरणपोळी लाटताना कडेपर्यंत पुरण नेतो ना, तितक्याच हलक्या हातानं हवा कडेला काढायची. फळीच्या मागच्या अंगाला आणि चारी कडांना कापड नको, पण एक हात हवाच. पहिला हात चिकट असतानाच दुसरा दिला तर दोन्ही एकजीव होतात. रात्र उलटून गेली तर साध्या पाण्यानं घासून धुवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पॉलिश पेपर फिरवायचा आणि मग दुसरा हात.

तयार फळीवर माझ्या मुलानं बुक्की मारून पाहिली. दुखलं ते त्याला.

फळ्या सांगाड्याला मोठ्या वॉशरच्या स्क्रूनं बसवल्या. इथवर सगळं सोपं होतं. पाणी आत शिरतं ते भिंतीतून नाही, ते शिरतं सांध्यातून. कोपऱ्यातून, स्क्रूच्या डोक्यातून, नळाच्या भोकातून. म्हणून फळ्यांना दोन दिवस लागले तर सांध्यांना चार द्या. फायबरचं कापड काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात ताणलं जातं आणि मागे पोकळी राहते. त्यासाठी इपॉक्सीत भरणीची पूड मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट लांबी करायची, ती कोपऱ्यात भरून चमच्याच्या पाठीनं गोलाई द्यायची. तिच्यावर चार इंच रुंदीच्या कापडाच्या पट्ट्या, दोन्ही भिंतींवर सारख्या येतील अशा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लांबी आणि कापडाचं छोटं ठिगळ. असे छप्पन्न स्क्रू होते, मी मोजले.

तळाला फोम घातला नाही. स्टुलाचे पाय एकाच जागी वजन देतात, त्यानं फोम दबतो. तिथे पट्ट्यांवर मरीन प्लाय, मोरीच्या तोंडाकडे दर फुटाला पाव इंच उतार, आणि त्यावर कापडाचे दोन थर. तेच कापड भिंतीवर सहा इंच चढवलं, परातीच्या काठासारखं. शेवटच्या ओल्या हातावर धुऊन वाळवलेली बारीक वाळू गाळणीतून भुरभुरली, म्हणजे पाय घसरत नाही.

मग पाण्याची परीक्षा. हिच्याशिवाय कोणी कितीही "झालं" म्हणो, विश्वास ठेवू नका. मोरीचं तोंड बोळा घालून घट्ट बंद केलं, दोन इंच पाणी भरलं, पेन्सिलीनं रेघ ओढली. चोवीस तास. दुसऱ्या दिवशी मी खालच्या खोलीत बॅटरी घेऊन कडीपाट पाहिला, आणि पोटात धस्स झालं. एका फळीवर रुपयाएवढा काळा डाग! नहाणी ट्रॅपच्या कडेनं झिरपलं होतं. ट्रॅप पीव्हीसीचा, त्याची गुळगुळीत कड आम्ही घासायची विसरलो होतो, म्हणून इपॉक्सीनं तिला धरलंच नाही. सगळं उपसलं, आठ दिवस वाळवलं, ट्रॅप काढून कड खरखरीत केली आणि लांबीत बसवून वरून कापड घेतलं. दुसऱ्या परीक्षेत रेघ केसभर हलली, तेवढं तर नुसतं सुकून जातं. खाली कडीपाट कोरडा ठणठणीत.

वरून पांढरा इपॉक्सी रंग दिला. खिडकीच्या उन्हात तो पुढे पिवळसर होतो हे मान्य करूनच द्यायचा. सगळ्या फळ्या लेपासकट तीस किलोच्या आसपास भरल्या, सांगाडा नि तळ वेगळा. दीड टनाच्या जागी इंजिनिअरना हे वजन चाललं. मात्र पाण्याचं पिंप वर ठेवायचं नाही असं त्यांनी बजावलं. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो! दोन बादल्या पुरतात.

उष्णतेला ही भिंत हळवी आहे. आठ दिवस पूर्ण वाळल्याशिवाय गरम पाणी लावू नये, आणि पुढेही आधणाचं पातेलं तिच्यावर उपडं करू नये. फोम पेटला तर काळा विषारी धूर होतो. म्हणून आत बंब नाही, समई-उदबत्ती नाही, गॅसचा गिझर तर नाहीच. तो कुठल्याच बंद न्हाणीघरात नसावा, त्याच्या वायूनं माणसं दगावतात. आमचा विजेचा छोटा गिझर बाहेरच्या जाड भिंतीवर आहे, आत फक्त नळी येते, आणि वायरमनकडून शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवून घेतला आहे. घासायला तारेची घासणी नाही, ॲसिड नाही. आणि घरातल्या पुरुषमंडळींना ताकीद द्या. आरसा लावायला म्हणून भिंतीत खिळा ठोकायचा नाही! ह्यांनी ठोकायला घेतलाच होता.

पहिल्या आंघोळीला सासूबाईंनी मला बाहेर उभं केलं. आत बादलीचा आवाज, तांब्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मी घाबरून हाक मारली, "आई?"

"अगं, भिंत गार लागत नाही," आतून उत्तर आलं. "थंडीत बरं होईल."

ते खरंच होतं, आणि माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ह्या फोमचं मूळ कामच ऊब आणि गारवा अडवायचं. त्या बाहेर आल्या, केस पुसत खिडकीशी बसल्या. कोठीच्या खोलीत आता गव्हाची पोती आहेत. आणि मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बॅटरी घेऊन कडीपाट खालून बघते, पावसाळ्यात दर रविवारी.